मातेचे वय आणि प्रसूतीचे फलित

प्रसूती सुखरूप होणे अनेक गोष्टींवर अवलंबून असते. मातेचे वय ही त्यांपैकी एक प्रमुख गोष्ट होय. वय आणि धोका यांचा संबंध आलेखाने दाखविल्यास वाटीच्या आकाराची वक्ररेषा मिळते. विशीच्या आत धोका अधिक असतो, पुढे तो उतरतो आणि पस्तिशीनंतर पुन्हा चढू लागतो.

या दोन टोकांची कारणे भिन्न आहेत. कोवळ्या वयात मुलीची स्वतःचीच वाढ पुरी झालेली नसते. उंची वाढावयाची थांबली तरी कटिराची हाडे काही काळ वाढतच असतात. त्यामुळे प्रसूती अडण्याचा संभव असतो. शिवाय एकाच ताटातील अन्नावर दोन वाढत्या शरीरांचे पोषण व्हावयाचे असते. अशा मातेस रक्तक्षय जडतो आणि अर्भक पुष्कळदा २,५०० ग्रॅमपेक्षा कमी वजनाचे निपजते. उलटपक्षी, स्त्रीची बीजांडे तिच्या जन्मापूर्वीच तयार झालेली असल्याने उतारवयात गुणसूत्रांच्या वाटणीत चुका वाढतात. डाउन संलक्षण असलेले मूल होण्याचे प्रमाण विसाव्या वर्षी सुमारे १,५०० त १ असते. चाळिसाव्या वर्षी ते सुमारे १०० त १ होते.

महाराष्ट्रात दर लक्ष जिवंत जन्मांमागे होणारे मातामृत्यू २०१४-१६ मध्ये ६१ होते, ते २०१८-२० मध्ये ३३ वर आले. ही प्रगती मोठीच आहे. तथापि सरासरीच्या आड जिल्हे दडतात. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार २० ते २४ वयाच्या स्त्रियांपैकी अठरा वर्षे पुरी होण्यापूर्वीच विवाह झालेल्यांचे प्रमाण राज्यात शेकडा सुमारे २२, बीडमध्ये ४४ आणि परभणीत ४८ होते.

या फरकाचे मूळ शरीरात नसून राहणीत आहे. बीड भागातील हजारो कुटुंबे गाळपाच्या हंगामात ऊसतोडीसाठी परगावी जातात. मुकादम उचल देतो ती जोडप्यास. या जोडप्यालाच ‘कोयता’ म्हणतात. मागे राहणाऱ्या वयात आलेल्या मुलीची काळजी आणि नव्या कोयत्याची मिळकत, या दोहोंमुळे विवाह लवकर उरकला जातो.

येथे एक सावधगिरी बाळगावयास हवी. अल्पवयीन माता बहुधा गरीब, कमी शिकलेली आणि पहिलटकरीणही असते; म्हणून साऱ्या धोक्याचे खापर एकट्या वयावर फोडणे शास्त्रीय ठरणार नाही.

१९२९ च्या शारदा कायद्याने मुलीच्या विवाहाचे किमान वय १४ ठरविले होते. १९७८ मध्ये ते १८ झाले. परंतु केवळ कायद्याने वय वाढत नाही. हंगामात मुलीस गावीच राहून शिकता यावे अशी वसतिगृहे, गर्भारपणाची वेळेवर नोंद, लोहाच्या गोळ्या आणि जवळचे प्रसूतिगृह यांची जोड मिळाली, तरच जिल्ह्याजिल्ह्यांतील हे अंतर कमी होईल.