जाम फ्रीव्हील

जुन्या सायकलच्या मागच्या चाकात चेनच्या बाजूचा एखादा स्पोक तुटला, की किरकोळ वाटणारं काम लांबतं. नवा स्पोक हबच्या भोकात ओवायला दातेरी चकती आड येते. ती काढायची म्हणजे आख्खं फ्रीव्हील काढायचं, आणि वर्षानुवर्षं न हललेलं फ्रीव्हील पान्याला सहजी दाद देत नाही.

राहुरी तालुक्यात ते जाम व्हायला कारणंही भरपूर. बारागाव नांदूरला मुळा नदीवर २६ टीएमसीचं धरण झालं, पाट आले, रानं उसाखाली गेली. इथली सायकल गवताचा भारा नाहीतर दुधाची कॅन लादून पाटाकडेच्या चिखलातून चालली आणि रात्री गोठ्याशेजारी तशीच ओली उभी राहिली. हब आणि फ्रीव्हीलमधल्या फटीत पाणी मुरतं, गंज आटे धरून बसतो. १९६८ साली स्थापन झालेल्या कृषी विद्यापीठात शिकणाऱ्या पोरांकडे गिअरची सायकल असते. तिचं दुखणं आणखी वेगळं.

मला फ्रीव्हील ही वस्तू फार हुशार वाटते. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १८८८ साली बेळगावात सायकलचं दुकान काढलं, त्या काळातल्या सायकलींत चाक फिरलं की पायडल फिरायचंच. उतारावर पाय बाजूला घ्यावे लागत. विसावं शतक उजाडताना फ्रीव्हील रुळलं आणि पायांना उसंत मिळाली. आत बारीक स्प्रिंगवर टेकलेल्या दोन खिट्ट्या, भोवती तिरपे दाते. पायडल मारलं की खिट्ट्या दात्यांत अडकून चाक ओढतात. पाय थांबले की त्याच खिट्ट्या दात्यांवरून घसरतात. सायकल हातात धरून चालताना होणारी टिकटिक ती हीच.

हे फ्रीव्हील हबवर सुलट्या आट्यांनी बसतं, म्हणून प्रत्येक पायडलनिशी ते आवळलं जातं. हिशेब करून पाहावा. ६५ किलोचा माणूस १७० मिलिमीटरच्या क्रँकवर पूर्ण वजन टाकून उभा राहिला, पुढे ४४ आणि मागे १८ दात असले, तर तेवढाच पीळ उलटा द्यायला साध्या २८ इंची चाकाच्या रिमवर सुमारे १४ किलोचा जोर लागेल. गिअरच्या सायकलवर चढ सोपा व्हावा म्हणून पुढची चकती लहान आणि मागची मोठी घेतात. दोन्हींचे दात सारखे धरले, तरी २६ इंची रिमवर हा आकडा ४० किलोच्या आसपास जातो. चढ जितका हलका केला, तितकं फ्रीव्हील घट्ट बसलं. गंजाचा जोर याहून निराळा.

जोर रिमवर लावायचा हे लक्षात आलं, की निम्मं काम उमगतं. जुनं चाक मोडीत काढताना घाईने आधी स्पोक कापणारे लोक असतात. मग हातात नुसता हब उरतो आणि पीळ द्यायला काहीच सापडत नाही. चाक आख्खं असतानाच फ्रीव्हील काढावं. आदल्या रात्री चाक आडवं ठेवून स्पोकच्या बाजूने फटीत डिझेल किंवा पातळ तेल सोडावं. दुसऱ्या दिवशी फ्रीव्हीलच्या खाचांत नेमका बसणारा पाना घालून वरून ॲक्सलचा नट लावावा, म्हणजे तो उसळून खाचा तोडणार नाही. पाना व्हाइसमध्ये घट्ट धरायचा, रिम दोन्ही हातांनी समोरासमोर पकडायची आणि डावीकडे फिरवायची. कडक आवाज येऊन ते सुटलं, की नट लगेच सैल करायचा. नाहीतर बाहेर येणारं फ्रीव्हील त्याच नटावर अडेल.

सुटत नसेल तर हात आधी शेगडीकडे जातो. हब ॲल्युमिनियमचा असेल तर थांबावं. तापल्यावर ॲल्युमिनियम पोलादाच्या जवळपास दुप्पट फुगतं, आणि हब असतो आत. सगळंच तापवलं तर पकड वाढते.

खाचा तुटल्या की खरा मिस्त्री कळतो, कारण आता काय गमवायचं ते ठरवायचं असतं. फ्रीव्हील स्वस्त मिळतं. चांगला हब आणि आउट काढून सरळ केलेलं चाक पुन्हा उभं करायला मेहनत पडते. म्हणून तो फ्रीव्हीलवर पाणी सोडतो. त्याच्या तोंडावरच्या झाकणाला दोन बारीक भोकं असतात आणि आटे उलटे. पंच टेकवून घड्याळाच्या दिशेने ठोकलं की झाकण फिरतं. खाली परात ठेवलेली बरी, कारण छर्रे सांडतात. दात्यांचं कडं उचलून निघतं आणि हबवर उरतो आतला गोल तुकडा. तो व्हाइसच्या जबड्यात करकचून धरला आणि रिम फिरवली, की बहुधा निघतोच. व्हाइसमध्ये निसटू लागला तर त्याला कानशीने दोन सपाट बाजू काढतात.

सायकलचे भाग बनवणाऱ्या शिमानो कंपनीने १९७८ मध्ये खिट्ट्या हबमध्येच घालून वर नुसत्या चकत्या सरकवायची सोय आणली. तिथे पायडलने आवळलं जायचा प्रश्नच उरत नाही. पण आपल्याकडच्या साध्या सायकलींत आणि स्वस्त गिअरवाल्यांतही आट्यांचं फ्रीव्हील अजून आहे.

नवं बसवताना आटे ब्रशने घासून त्यांवर ग्रीस लावावं. मऊ ॲल्युमिनियमच्या हबवर तर आधी ते उलटं फिरवून आट्याचं तोंड जुळल्याची खटक जाणवली की मगच सुलटं, बोटांनी फिरवावं. सुरुवातीलाच अडलं तर पान्याने रेटू नये. काढावं, पुसावं आणि पुन्हा लावावं.