काचेच्या टाकीतला समुद्र : पाणी सांभाळण्याचा हुन्नर

शोभेच्या माशांचा धंदा आपल्या शहराला नवा नाही. गोल्डफिश, गप्पी, मोली असे गोड्या पाण्यातले मासे विकून अनेक छोटी दुकाने चालतात. आता मात्र ग्राहक खाऱ्या पाण्यातले मासे मागू लागला आहे. मोबाईलवर तो नारिंगी अंगावर पांढरे पट्टे असलेला क्लाउनफिश पाहतो आणि हाच आपल्या दिवाणखान्यात हवा म्हणून अडून बसतो. दवाखाने, हॉटेले आणि शोरूम यांच्या दर्शनी भागातही अशी टाकी शोभते. नफा बरा दिसतो म्हणून काही तरुण या मालाकडे वळत आहेत. परंतु पाण्याचे ज्ञान नसेल तर या धंद्यातले भांडवल आठ दिवसांत पोट वर करून तरंगू लागते. म्हणून आजचा हा लेख.

वाचक विचारतील, आमचा धंदा कापडाचा, माशांशी आमचा काय संबंध? संबंध पाण्याचा आहे. कापडाच्या व्यापारात रंगाऱ्यांशी आमचा आयुष्यभर व्यवहार राहिला. खाऱ्या टाकीसाठी जे लागते त्यातले निम्मे रंगाऱ्याच्या फळीवर आधीच ठेवलेले असते, असे आमचे ठाम मत झाले आहे.

आधी पाणी ओळखा

हे शहर पाण्याच्या कारागिरीवर वसले. सतराव्या शतकाच्या आरंभी मलिक अंबरने जमिनीखालून नहर खेळवून येथे पाणी आणले. आज आपल्याकडे दोन प्रकारचे पाणी आहे. एक जायकवाडीचे नळाचे. ते अनेक दिवसांच्या अंतराने मिळत आले आहे आणि त्यात जंतू मारण्यासाठी क्लोरीन असते. दुसरे बोअरचे. ते काळ्या खडकातून येते, त्यामुळे त्यात कॅल्शियम व मॅग्नेशियमचे क्षार असतात. चहाच्या भांड्यात पांढरा थर धरतो तो याच क्षारांचा.

कठीण पाण्यात रंग एकसारखा चढत नाही, डाग पडतात, साबणाचा साका होतो, हे प्रत्येक रंगारी जाणतो. काही जण म्हणतात, बोअरचे पाणी आधीच खारे आहे, त्यात थोडे मीठ टाकले की काम झाले. हे साफ चूक आहे. समुद्राचे मीठ ठराविक प्रमाणाचे असते, बोअरचे क्षार त्या प्रमाणाचे नसतात. शिवाय त्यात नायट्रेट असले तर टाकीत शेवाळ माजते.

यावर उपाय आरओ यंत्राचा, आणि त्यापुढे रेझिनच्या नळीचा. टीडीएसचा काटा शून्याजवळ आला पाहिजे. रंगखान्यात पाणी मऊ करणारे सॉफ्टनर असते, ते येथे चालत नाही. ते कॅल्शियम काढून त्याच्या जागी सोडियम सोडते, एकूण क्षार तेवढेच राहतात. अडचणीच्या वेळी नळाचे पाणी वापरावेच लागले तर क्लोरीन मारण्यासाठी हायपो आहे. कापड ब्लीच केल्यावर उरलेले क्लोरीन काढण्यासाठी रंगारी वापरतो तोच, सोडियम थायोसल्फेट. आरओमधून वाया जाणारे पाणी गटारात सोडू नये, फरशी धुण्यास वापरावे.

मीठ किती आणि कोणते

मुंबईत १९५१ साली मरीन ड्राइव्हवर तारापोरवाला मत्स्यालय उघडले. तेथे समुद्र दाराशी होता. आपल्याकडे समुद्र पिशवीतून येतो. दुकानातले खडे मीठ यासाठी निरुपयोगी आहे. मिठागरात मीठ स्फटिक होऊन वेगळे होते तेव्हा मॅग्नेशियम बहुतांशी मागच्या पाण्यातच राहून जाते. मत्स्यालयासाठी तयार केलेल्या मिठात सोडियमबरोबर मॅग्नेशियम, कॅल्शियम, पोटॅशियम समुद्राच्या प्रमाणात घातलेले असते. तेच घ्यावे.

समुद्राच्या १ किलो पाण्यात सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात. तयार मिठात थोडा ओलावा धरलेला असतो, म्हणून लिटरमागे ३५ ते ४० ग्रॅम लागते. २५ अंश तापमानाला अशा पाण्याची घनता १.०२६ भरते. कॉस्टिकचे पाणी मोजायला ज्यांच्याकडे ट्वॅडलचा काटा आहे त्यांनी समजावे की हे ५ अंशांच्या किंचित वर आले. तरीही टाकीसाठी रिफ्रॅक्टोमीटर घ्यावा, तो अधिक बारीक दाखवतो. मीठ बादलीत घालून चोवीस तास पंपाने हलवत ठेवावे. मासे असलेल्या टाकीत कोरडे मीठ कधीही टाकू नये.

आता आपल्या उन्हाळ्याचा विचार करा. एप्रिल-मे महिन्यांत पारा चाळिशी ओलांडतो. १०० लिटरच्या उघड्या टाकीतून रोज २ लिटर पाणी उडाले असे धरू. पाणी उडते, मीठ मागे राहते. पाच दिवस लक्ष दिले नाही तर ३५ चे प्रमाण ३९ च्या आसपास जाते. येथे नवखा माणूस पाणी कमी झाले म्हणून पुन्हा खारे पाणी ओततो आणि मासे गमावतो. उडालेल्या पाण्याची भर रोज फक्त शुद्ध गोड्या पाण्याने करावी. टाकीचे पाणी २५-२६ अंशांवर ठेवावे. लहान टाकीला पंखा पुरतो, मोठीला चिलर लागतो. वीज गेली की पाण्यातला प्राणवायू घटतो, तेव्हा बॅटरीवर चालणारा हवेचा पंप दुकानात असलाच पाहिजे.

न दिसणारे विष

माशाच्या मलमूत्रातून आणि उरलेल्या खाद्यातून अमोनिया तयार होतो. पाणी आरशासारखे स्वच्छ दिसते आणि मासा मरतो, त्याचे कारण बहुधा हेच असते. दगड व वाळूवर वाढणारे जंतू अमोनियाचे नायट्राइट आणि नायट्राइटचे नायट्रेट करतात. ही जंतूंची वसाहत बसायला चार ते सहा आठवडे लागतात. मुरलेल्या टाकीतला एखादा दगड आणून ठेवला तर काम लवकर होते, जसे दुधाला विरजण. अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्य आल्याशिवाय मासा सोडू नये. ग्राहक घाई करील. त्याला महिनाभर रिकामी टाकी दाखवण्याची हिंमत ज्या दुकानदारात आहे, त्याचेच नाव पुढे टिकते.

मुंबईहून रात्रीच्या गाडीने येणाऱ्या मालाबद्दल एक गोष्ट ध्यानात ठेवावी. बंद पिशवीत माशाच्या श्वासाने कार्बन डायऑक्साइड साठतो, पीएच खाली उतरतो आणि त्यामुळे अमोनियाचा जोर दबलेला असतो. पिशवी उघडताच वायू उडतो, पीएच चढतो आणि तोच अमोनिया जहाल होतो. म्हणून पिशवी बंद असतानाच टाकीत तरंगत ठेवून तापमान जुळवावे. उघडल्यावर तासन्‌तास रेंगाळू नये. मासा जाळीने उचलून टाकीत सोडावा आणि पिशवीतले पाणी फेकून द्यावे.

सोड्याचा हिशेब

पाण्याचा पीएच ८.० ते ८.४ असावा. तो धरून ठेवणारी ताकद म्हणजे अल्कलिनिटी. ती ७ ते ११ जर्मन अंशांत ठेवावी, तपासणीच्या संचावर हेच अंश छापलेले असतात. कॅल्शियम लिटरमागे ४०० ते ४५० मिलिग्रॅम, मॅग्नेशियम १२५० ते १३५० मिलिग्रॅम. दगडावर धरणारे गुलाबी शैवाल आणि शंखाचे जीव कॅल्शियम व अल्कलिनिटी दोन्ही खातात. अमोनिया पचवताना जंतू आम्ल तयार करतात, त्यातही अल्कलिनिटी खर्च होते. टाकी जुनी होत जाते तसा हा खर्च वाढत जातो.

भरपाईचा माल ओळखीचाच आहे. १०० लिटर पाण्यात ३ ग्रॅम खाण्याचा सोडा विरघळवून घातला की अल्कलिनिटी १ अंश चढते. सोडा अॅशनेही ती चढते, पण पीएचही झटकन वर जातो. कॅल्शियमसाठी कॅल्शियम क्लोराइड असते. ७.३५ ग्रॅमने १०० लिटर पाण्यातले कॅल्शियम लिटरमागे २० मिलिग्रॅमने वाढते. दोन्ही एका भांड्यात मिसळू नयेत, ताबडतोब चुना होऊन तळाशी बसतो. एक सकाळी घालावे, दुसरे संध्याकाळी. आणि माल शुद्ध दर्जाचा घ्यावा, रंगखान्यातले पोते येथे आणू नये.

दिवसाला १ अंशापेक्षा जास्त चढवू नये. आकडा थोडा कमी असला तरी मासा निभावतो, पण एका रात्रीत झालेली उलथापालथ त्याला सोसत नाही. रंगारी रिअॅक्टिव्ह रंगात सोडा एकदम ओतत नाही, थांबून थांबून देतो. तोच सबुरीचा हात येथे हवा.

कायद्याची मर्यादा

प्रवाळाचा तुकडा टाकीत ठेवण्याचा मोह ग्राहकाला होतो. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ च्या पहिल्या परिशिष्टात खडक बांधणारे सर्व प्रवाळ आणि समुद्रघोडे २००१ साली घातले गेले. त्यांची खरेदी-विक्री हा गुन्हा आहे आणि त्याला तुरुंगवासाची शिक्षा आहे. आपल्या राज्यात मालवणच्या समुद्रात प्रवाळ आहेत, १९८७ पासून तेथे सागरी अभयारण्य आहे. ती संपत्ती पिशवीत भरून विकण्याची नाही. सिरॅमिकचे कृत्रिम दगड मिळतात, ते वापरावेत. क्लाउनफिशही टाकीत पैदा केलेला मागावा. केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेने त्याच्या पैदाशीचे तंत्र तयार केलेले आहे. असा मासा बंदिस्त पाण्याला आणि कोरड्या खाद्याला सरावलेला असतो, त्यामुळे मरतूकही कमी होते. प्रत्येक खरेदीची पावती जपून ठेवावी.

खरी कमाई कशात

मासा एकदा विकला जातो, पाणी दर आठवड्याला लागते. १०० लिटरच्या टाकीतले १० लिटर पाणी आठवड्याला बदलायचे तर वर्षाला सुमारे २० किलो मीठ आणि ५२० लिटर शुद्ध पाणी लागते. अशा वीस टाक्यांची देखभाल ज्याच्याकडे आहे, त्याची महिन्याची आमदनी बांधलेली असते. माशांचा मोठा साठा भरून बसण्यापेक्षा तयार खारे पाणी, तपासणी आणि देखभाल यांवर दुकान उभे करणे छोट्या भांडवलाच्या माणसाला परवडते.

त्यासाठी एक वही ठेवावी. प्रत्येक ग्राहकाच्या टाकीचे वेगळे पान करावे, आणि त्यावर तारीख, तापमान, घनता, पीएच, अल्कलिनिटी, अमोनिया, नायट्रेट हे आकडे लिहावेत. उधारीची वही आपण जेवढ्या काळजीने ठेवतो, तेवढ्याच काळजीने ही ठेवावी. तक्रार आली तर हीच वही दुकानदाराची बाजू मांडते, आणि मासा मरण्याआधी धोक्याची सूचनाही हीच देते.

आपल्या मोहल्ल्यांत रंगकामाचा हुन्नर जाणणारी घरे अजून आहेत, पण त्यांच्या मुलांना त्या कामात पुरेशी रोजी उरलेली नाही. वजनकाटा धरणारा, पाण्याचा अंदाज असणारा, सबुरीचा हात त्यांच्याकडे वडिलोपार्जित आहे. ज्यांना या नव्या तिजारतीत उतरायचे आहे त्यांनी अशा एखाद्या मुलाला भागीदार करून घ्यावे, आणि पहिला मासा आणण्याआधी पहिले तीन महिने एकाच टाकीचे पाणी सांभाळून पाहावे.