परक्या मुलाची फी

शाळेचं नवं वर्ष जवळ आलं की नैरोबीच्या कामुकुंजी भागात पत्रा ठोकण्याच्या आवाजाने कान किटतात. उघड्यावर काम करणाऱ्या या कारागिरांना केनियात ‘जुआ काली’ म्हणतात, म्हणजे कडक उन्हातले. वर्षभर ते कढया, शेगड्या, हातगाड्या बनवतात. पण शाळा उघडण्याच्या सुमारास मागणी असते ती ट्रंकांची. पत्रा कापायचा, कडा दुमडून ठोकायच्या, पुढे कुलपाची कडी बसवायची आणि वर निळा किंवा काळा रंग मारायचा. तिथल्या नावाजलेल्या सरकारी माध्यमिक शाळा बहुतेक निवासी, त्यामुळे प्रवेशाच्या पत्रासोबत सामानाची यादी येते. ट्रंक, कुलूप, गादी, ब्लँकेट, बादली, गणवेश, काळे बूट, शब्दकोश आणि काही ठिकाणी गवत कापायचं पातंसुद्धा. यादीच्या खाली पहिल्या सत्राच्या फीचा आकडा असतो.

मूल हुशार निघाल्याचा आनंद त्या आकड्यापाशी येऊन थांबतो. मग शेळी विकली जाते. आई तिच्या ‘चामा’त, म्हणजे आपल्या भिशीत, आपला नंबर आधी लावून मागते. गावात ‘हरांबे’ होते, म्हणजे सगळे जमून वर्गणी काढतात. जोमो केन्याटांनी स्वातंत्र्याच्या वेळी ही घोषणा दिली होती आणि पुढे त्याच पद्धतीने गावोगावी शाळा उभ्या राहिल्या. एवढं करून पहिलं सत्र निभावतं. दुसऱ्या सत्रात फी थकली की मुलाला घरी पाठवतात. पैसे घेऊन ये, मग वर्गात बस. केनियात शिकलेल्या कोणालाही विचारा, फीसाठी घरी पाठवल्याची आठवण त्याला स्वतःची नाही तर बाकावरच्या शेजाऱ्याची तरी असतेच.

या फटीत एक जुनी व्यवस्था काम करते. दूरदेशी राहणारा, कधी न भेटलेला माणूस दरमहा ठरावीक रक्कम पाठवतो आणि त्याच्या बदल्यात त्याला एका मुलाचा फोटो आणि पत्रं मिळतात. आपल्याकडे सावित्रीबाई फुले दत्तक पालक योजनेमुळे ‘दत्तक पालक’ हा शब्द घरोघरी पोचलेला आहे, तोच इथे वापरतो. मूल कुठेही जात नाही. ते आपल्याच घरी राहतं, फक्त त्याच्या खर्चाला परक्याचा हातभार लागतो.

या व्यवस्थेचा जन्म आफ्रिकेत झाला नाही, तो युरोपातल्या युद्धांमध्ये झाला. पहिल्या महायुद्धानंतर उपाशी मुलांसाठी एग्लंटाइन जेब यांनी १९१९ मध्ये लंडनमध्ये ‘सेव्ह द चिल्ड्रन’ सुरू केली. स्पेनच्या यादवी युद्धात, १९३७ मध्ये, जॉन लँग्डन-डेव्हिस या इंग्रज पत्रकाराने एकेका मुलामागे एकेक पालक जोडून द्यायला सुरुवात केली. त्यातून आजची ‘प्लॅन इंटरनॅशनल’ उभी राहिली. कोरियन युद्धाच्या काळात ‘वर्ल्ड व्हिजन’ आणि ‘कम्पॅशन’ या दोन अमेरिकी ख्रिस्ती संस्थांनी हीच रीत अनाथ मुलांसाठी वापरली. पुढे युद्धं संपली, पण कचेऱ्या, याद्या आणि दाते शिल्लक होते. ती सगळी यंत्रणा आशिया आणि लॅटिन अमेरिकेकडे वळली आणि आफ्रिकेकडेही. अनाथांसाठी निघालेली योजना अशी हळूहळू आईबाप असलेल्या गरीब मुलांची झाली. हा बदल फारसा कोणाच्या लक्षात आला नाही. माझ्या मते पुढच्या सगळ्या वादांचं मूळ तिथेच आहे.

आधी या व्यवस्थेच्या सर्वांत सुंदर उदाहरणाबद्दल सांगतो. क्रिस म्बुरू हा किआंबू भागातल्या मिताहातो गावचा मुलगा. वर्गात पहिला, घरात पैसा नाही. १९७० च्या दशकात एका स्वीडिश योजनेतून त्याला दत्तक पालक मिळाली, हिल्डे बाक. त्या बालवाडीत शिकवत आणि छोटीशी रक्कम पाठवत. म्बुरू नैरोबी विद्यापीठात कायदा शिकले, तिथून हार्वर्डला गेले आणि संयुक्त राष्ट्रांत मानवाधिकारांचे वकील झाले. २००१ मध्ये त्यांनी गावाकडच्या हुशार मुलांसाठी निधी काढला आणि त्याला आपल्या पालकबाईंचं नाव दिलं. बाईंचा पत्ता मात्र त्यांच्याकडे नव्हता. स्वीडनच्या राजदूतांच्या मदतीने शोध लागला, तेव्हा कळलं की हिल्डे बाक मूळच्या जर्मनीतल्या ज्यू. नाझींच्या काळात कोवळ्या वयात त्या परक्यांच्या मदतीने स्वीडनला पोचल्या होत्या आणि त्यांचे आईवडील छळछावणीत गेले होते. जेनिफर अर्नोल्ड यांनी या हकिकतीवर ‘अ स्मॉल अ‍ॅक्ट’ हा माहितीपट केला. तो २०१० च्या सनडान्स महोत्सवात दाखवला गेला.

लोक या चित्रपटात म्बुरू आणि हिल्डे बाक यांच्या भेटीचा प्रसंग पाहतात आणि डोळे पुसतात. मला त्यातला दुसरा धागा महत्त्वाचा वाटतो. गावच्या शाळेतली तीन मुलं आठवीच्या राष्ट्रीय परीक्षेला बसलेली आहेत. निधीची शिष्यवृत्ती मिळायची तर ५०० पैकी ठरावीक गुण हवेत. तिन्ही मुलं जीव तोडून अभ्यास करतात, एकीच्या घरी तर दिव्याचीसुद्धा पंचाईत. निकाल लागतो आणि म्बुरूंना स्वतःच आखलेल्या रेषेपुढे उभं राहावं लागतं. ज्याला एकेकाळी कोणीतरी निवडलं, त्यालाच आता निवड करायची आहे, आणि निवड करणं म्हणजे बाकीच्यांना नाही म्हणणं. दत्तक पालक योजनेतला सगळ्यात अवघड माणूस दाता नसतो. यादी करणारा असतो.

ती परीक्षा आता राहिलेली नाही. २०२३ ची शेवटची, कारण केनियाने सगळा अभ्यासक्रमच बदलला. फीचं गणितही बदलत गेलं. प्राथमिक शिक्षण २००३ मध्ये मोफत झालं तेव्हा दहा लाखांवर नवी मुलं वर्गांत आली. २००८ पासून माध्यमिकचं शिक्षणशुल्कही सरकार भरू लागलं. तरी वसतिगृह, जेवण, गणवेश आणि ट्रंक घरावरच राहिली.

ही यंत्रणा आतून कशी चालते, तेही पाहू. प्रत्येक मुलाची एक फाइल असते. तीत जन्मतारीख, उंची, वजन, इयत्ता, घरातली माणसं आणि दरवर्षी नव्याने काढलेला फोटो. मूल स्वाहिलीत, लुओत किंवा मोडक्या इंग्रजीत पत्र लिहितं, स्थानिक कार्यकर्ता त्याचं भाषांतर करून देतो आणि मग ते पुढे जातं. पत्रात लिहायचं काय, हा मुलांपुढचा खरा प्रश्न. पाऊस झाला, गाय व्याली, मी पाढे शिकलो. उलट टपाली बर्फातल्या घराचा फोटो येतो. पैशाच्या वाटा मात्र संस्थेगणिक वेगळ्या. काही संस्था सगळ्यांचे पैसे एकत्र करून विहीर, दवाखाना, वर्गखोल्या बांधतात. फोटो एका मुलाचा आणि पाणी सगळ्या गावाला. काहींचा खर्च थेट नोंदलेल्या मुलावर होतो. ‘कम्पॅशन’ तर स्थानिक चर्चमार्फतच काम करते. शाळेनंतर केंद्रावर जेवण, अभ्यास, आरोग्य तपासणी आणि सोबत धर्मशिक्षण.

यावर टीका जुनी आहे आणि तीत दम आहे. ‘न्यू इंटरनॅशनलिस्ट’ मासिकाने १९८२ मध्ये मुखपृष्ठावरूनच वाचकांना विनवलं होतं की असं मूल दत्तक घेऊ नका. एका घरातल्या एकाच मुलाला बूट मिळाले तर भावंडांनी काय करायचं? पत्रं आणि फोटोंच्या ने-आणीवर किती पैसा जातो? बापाच्या देखत परक्या माणसाचे आभार मानायला मुलाला बसवलं, तर बापाची किंमत काय राहते? पुढे १९९८ मध्ये ‘शिकागो ट्रिब्यून’च्या वार्ताहरांनी स्वतः दाते होऊन मुलं दत्तक घेतली आणि नंतर त्यांचा शोध घेत गावोगाव फिरले. मालीतली एक मुलगी कधीच वारली होती. संस्था मात्र तिच्या नावाने पैसे घेतच होती. फाइल जिवंत राहिली होती.

एवढं वाचून कोणीही म्हणेल की हा सगळा देखावा आहे. मीही तसंच म्हणालो असतो. पण २०१३ मध्ये ब्रूस वायडिक, पॉल ग्लूवी आणि लेन रटलेज या अर्थशास्त्रज्ञांनी एक अभ्यास प्रसिद्ध केला. तो बाजूला सारता येत नाही. युगांडा, केनिया, भारत, फिलिपिन्स, ग्वाटेमाला आणि बोलिव्हिया या सहा देशांतल्या १०,१४४ माणसांची माहिती त्यांनी गोळा केली. ‘कम्पॅशन’चा एक नियम त्यांच्या कामी आला. गावात योजना सुरू होताना बारा वर्षांपर्यंतचीच मुलं घेतली जात, त्यामुळे थोडं मोठं भावंड बाहेर राहायचं. एकच चूल, तेच आईबाप, फरक फक्त जन्मतारखेचा. मोठेपणी दोघांचं काय झालं हे ताडून पाहिलं तेव्हा दत्तक मुलं सरासरी एक ते दीड वर्ष अधिक शिकलेली निघाली. माध्यमिक शिक्षण पूर्ण करणाऱ्यांचं प्रमाणही बरंच जास्त होतं. आफ्रिकेतल्या दोन्ही देशांत परिणाम अधिक ठळक दिसला.

हे का घडलं असावं? मुलं या योजनेत सरासरी नऊ वर्षांहून अधिक काळ राहिली होती. माझ्या मते मर्म तिथे आहे. रक्कम मोठी नव्हती, पण ती चुकत नव्हती. गरीब घरात पैसा येतो तेव्हा येतो. कॉफीचा भाव चढला तर येतो, बाप आजारी पडला तर जातो. शाळेची फी मात्र तारखेला लागते. दत्तक पालक त्या दोन वेळापत्रकांमधलं अंतर भरून काढतो. बाकी फोटो, पत्रं, वाढदिवसाचं भेटकार्ड हे सगळं दात्याला नऊ वर्षं टिकवून धरण्यासाठी आहे. ते खोटं आहे असं नाही, फक्त ते कोणासाठी आहे हे ओळखून असावं.

टिकण्याची दुसरी बाजू आपल्याला भारतात दिसली. परदेशी निधीचे नियम कडक झाल्यावर ‘कम्पॅशन’ने मार्च २०१७ मध्ये इथलं काम बंद केलं. तेव्हा तिच्या यादीवर सुमारे १ लाख ४५ हजार भारतीय मुलं होती. धर्मशिक्षणाची सांगड असलेल्या मदतीबद्दल सरकारला शंका होत्या आणि त्या विषयावर मतभेद राहतीलच. पण नळ एका टोकाला बंद झाला की दुसऱ्या टोकाच्या मुलाला त्याचं कारणसुद्धा कळत नाही.

मग मुलाऐवजी घरालाच हात दिला तर? केनियात हा प्रयोग नीट झालेला आहे. एड्सच्या साथीने मधली पिढी कापून नेली आणि नातवंडं आजीच्या पदरात आली. सरकारने २००४ मध्ये ५०० कुटुंबांपासून सुरुवात करून अशा घरांना नियमित रोख रक्कम द्यायला सुरुवात केली. पुढे ती महिना २,००० शिलिंग झाली. आजीने त्यातून मका घ्यावा, औषध घ्यावं की नातीचे बूट, हे तिचं तिने ठरवायचं. मोठ्या वयाच्या मुलांची माध्यमिक शाळेतली हजेरी वाढल्याचं पाहण्यांत दिसलं.

केनियाच्याच सियाया भागात ‘गिव्हडायरेक्टली’ संस्थेने याहून धीट पाऊल टाकलं. ६५३ गावांत पसरलेल्या या प्रयोगात १०,५०० हून अधिक गरीब कुटुंबांना प्रत्येकी सुमारे १,००० डॉलर एम-पेसाने, म्हणजे मोबाइलवरून, देऊन टाकले. अट काहीच नाही. लोकांनी गवताचं छप्पर काढून पत्रे घातले, गुरं घेतली, फी भरली. छपराला खर्च करणं शहरी माणसाला उधळपट्टी वाटेल, पण गवती छप्पर सारखं शाकारावं लागतं आणि पत्र्यावरचं पाणी पन्हळीने पिंपात धरता येतं. केनियातल्या बायकांनी स्वातंत्र्यानंतरच्या काळातच गट करून आळीपाळीने एकमेकींच्या घरांवर पत्रे चढवले होते. त्यांना हे अर्थशास्त्र कोणी शिकवायला नको होतं. २०२२ मध्ये निष्कर्ष छापून आले. दिलेल्या प्रत्येक डॉलरमागे त्या भागात सुमारे अडीच डॉलरची उलाढाल झाली, पैसे न मिळालेल्या शेजाऱ्यांचीही मिळकत वाढली आणि महागाई जवळपास वाढली नाही. पुढच्या अभ्यासात अर्भकमृत्यूही निम्म्याच्या आसपास घटल्याचं आढळलं. ही वाटही निर्धोक नाही. याच संस्थेचे काँगोतले सुमारे नऊ लाख डॉलर तिच्याच काही कर्मचाऱ्यांच्या संगनमताने लुबाडले गेले आणि संस्थेने ते जाहीर कबूल केलं.

सगळ्यात वाईट वाट अनाथालयांची. परदेशी देणगी इमारतीला मिळते, इमारतीत मुलं लागतात, म्हणून गरीब आईबापांना ‘तिथे दोन वेळा जेवेल, शिकेल’ असं सांगून मुलं नेली जातात. ‘सेव्ह द चिल्ड्रन’ने २००९ मध्येच लिहिलं होतं की जगभरच्या अशा संस्थांतल्या पाचपैकी किमान चार मुलांचे आई किंवा वडील हयात आहेत. केनियाने २०१७ मध्ये नव्या बालगृहांची नोंदणी थांबवली. १९९४ च्या नरसंहारातून वर आलेल्या रवांडाने तर २०१२ मध्ये अनाथालयं बंद करण्याचंच धोरण स्वीकारलं आणि तीन हजारांवर मुलांसाठी घरं शोधायला घेतली.

आफ्रिकेतल्या कोण्या मुलासाठी पैसे द्यावेत का, असं मला कोणी विचारलं तर मी हो म्हणेन, पण देण्याआधी संस्थेला थोडं छळा. मूल घरीच राहणार आहे का? भावंडांचं काय? मी उद्या थांबलो तर त्याची फी कोण भरेल? इमारतीचे फोटो पाठवणाऱ्यांना नम्रपणे नाही म्हणा. आणि एकदा हो म्हटलंत की शेवटच्या परीक्षेपर्यंत देणं थांबवू नका. मध्येच सोडणार असाल तर ते पैसे एकरकमी त्या मुलाच्या आईच्या मोबाइलवर गेलेले बरे.