वॉटचे तीन दांडे

वाफेच्या इंजिनात दट्ट्या सरळ वर-खाली होतो. ज्या तुळईला त्याचा जोर पोचवायचा, तिचे टोक मात्र कमानीत फिरते. जुन्या इंजिनांत दट्ट्याला फक्त ओढायचे असे, म्हणून दोघांमध्ये साखळी चालून जाई. जेम्स वॉटने दोन्ही बाजूंनी वाफ सोडली तेव्हा ढकलण्याचेही काम आले, आणि साखळीने ढकलता येत नाही. १७८४ साली त्याने काढलेली तोड यंत्ररचनेतला एक सर्वांगसुंदर नमुना आहे. सारख्या लांबीचे दोन दांडे आपापल्या पक्क्या खुंटीवर झुलतात; तिसरा, आखूड दांडा त्यांची मोकळी टोके जोडतो. या जोडदांड्याचा मध्यबिंदू दोन पाळ्यांची वक्ररेषा काढतो, पण तिचा मधला भाग जवळजवळ सरळ असतो. दट्ट्या तेवढ्याच भागात चालवायचा. आपल्या सगळ्या शोधांत वॉटला याचाच अभिमान अधिक होता.

खुंट्या धरणारा सांगाडा धरून हे चार दांडे आणि चार सांधे होतात. सपाटीवर सुटा दांडा आडवा, उभा सरकू शकतो आणि फिरू शकतो. तीन हलत्या दांड्यांच्या मिळून नऊ मोकळिका. प्रत्येक सांधा दोन काढून घेतो. नवातून आठ गेले, उरली एक. म्हणूनच एक दांडा हलवला की बाकीचे ठरल्या वाटेनेच जातात.

कोणता दांडा पूर्ण फेरा घेईल, हे लांबीवर ठरते. सर्वांत आखूड आणि सर्वांत लांब दांड्यांची बेरीज उरलेल्या दोघांच्या बेरजेहून कमी असली, तर आखूड दांडा गरगर फिरू शकतो. हा नियम जर्मन अभियंता फ्रान्झ ग्राशोफ याचा. पायाने चालवायच्या शिलाई मशीनमध्ये पायटा झुलतो आणि चाक फिरते, ते याच नियमाने. तिथे फेऱ्यात दोनदा पायट्याला चाकाशी जोडणारा ओढदांडा आणि चाकाचा आस एका रेषेत येतात; त्या क्षणी पायाचा जोर चाकाला फिरवू शकत नाही, चाकाचा वेगच त्याला पुढे नेतो. नेमके तिथे थांबलेले मशीन सुरू करताना चाकाला हात लावावा लागतो.

लांबी दिली असता हालचाल काढणे हे बहुतांशी त्रिकोण सोडवण्याचे काम. खरे कौशल्य उलट्या प्रश्नात आहे: हवी ती हालचाल मिळण्यासाठी लांबी किती ठेवावी? कोलंबिया विद्यापीठाच्या फर्डिनंड फ्रॉइडेनस्टाइन यांनी १९५०च्या दशकात दिलेल्या समीकरणात, येणाऱ्या आणि जाणाऱ्या कोनांच्या तीन जोड्या घातल्या की लांबीची गुणोत्तरे मिळतात. त्या तीन जागी मेळ अचूक बसतो, मध्ये थोडी चूक राहते. शिवाय जोडदांडा आणि पुढचा दांडा यांच्यातला कोन फार लहान झाला, साधारण ४० अंशांखाली गेला, तर जोर कामी न येता सांध्यांवर पडतो. असा आराखडा कागदावर बरोबर असला तरी टाकून द्यावा लागतो.

तंतोतंत सरळ रेषा काढणारी रचना फ्रेंच सैन्यातल्या पोसेलिए याने १८६४ साली मांडली. गणिताच्या दृष्टीने ती थोर आहे, पण तिला सात हलते दांडे लागतात, आणि सांधे वाढले की प्रत्येकातली ढिलाई साठत जाते. वॉटची किंचित चुकणारी रचना त्यामुळेच टिकली; काही मोटारींत मागचा आस डावी-उजवीकडे सरकू नये म्हणून आजही तीच बसवतात.