गाडीलाही सावली हवी

मागच्या मे महिन्यातली गोष्ट. मालेगावहून भर दुपारी नाशिकला परतले. आल्याआल्या गाडी पत्र्याच्या शेडखाली लावली आणि लगेच चार्जिंगची वायर खोचली. दुसऱ्या दिवशी हरसूलला बचत गटाची बैठक होती. म्हटलं, फुल्ल होऊ दे बाई एकदाची. दीड वर्ष मी रोज हेच करत होते.

विजेवरची गाडी घ्यायचा हट्ट माझाच. चाळिशीनंतर ड्रायव्हिंग शिकले ते याच गाडीवर. कर्जाचे हप्ते अजून चालू आहेत. त्यामुळे आरामात हरसूलला जाऊन येणारी गाडी परतताना काटा फारच खाली दाखवू लागली, तेव्हा पोटात गोळाच आला. गाडीच्या किमतीत मोठा वाटा बॅटरीचाच असतो ना! "तरी मी म्हणत होतो..." आमच्या ह्यांनी संधी सोडली नाही.

सर्व्हिस सेंटरमधल्या मुलाने तपासणी केली आणि हसून म्हणाला, "काकू, बरीचशी घट एसीमुळे आहे, पाऊस पडला की भरून येईल. पण बॅटरीही थोडी दमलीय." म्हणजे काय, तर लिथियम बॅटरी तापली की तिच्या पोटात नको त्या रासायनिक क्रिया वेगाने होतात आणि वीज साठवायची ताकद कायमची कमी होते. त्यातही काठोकाठ भरलेली बॅटरी तासन्‌तास उन्हात उभी राहणं सगळ्यात वाईट. मी नेमकं तेच करत होते!

हे काही आपल्याकडचंच नाही, बरं का. अमेरिकेत अ‍ॅरिझोना नावाचं वाळवंटी राज्य आहे. तिथल्या निसान लीफ गाड्यांच्या बॅटऱ्या उन्हाने लवकर म्हाताऱ्या होताहेत, म्हणून २०१२ मध्ये मालकांनी मोठी ओरड केली. त्या गाडीत बॅटरी थंड ठेवायला पाण्यासारख्या द्रवाची सोय नव्हती. पुढच्याच वर्षी कंपनीला बॅटरीच्या क्षमतेची हमी द्यावी लागली. आता आपल्याकडच्या बऱ्याच गाड्यांत अशी सोय असते. घेताना रंगाआधी हे विचारा.

तेव्हापासून माझी शिस्त बदलली. उन्हातून आले की तासभर गाडी सावलीत निवू देते. चार्जिंग रात्री, गारव्याला, आणि रोजच्यासाठी ऐंशी टक्क्यांपर्यंतच. लांब जायचं असेल तेव्हा पूर्ण भरते, पण ते निघायच्या थोडं आधी पुरं होईल असं बघते. हायवेवरचं झटपट चार्जिंग बॅटरी जास्त तापवतं, ते प्रवासापुरतंच. काही बॅटऱ्या मात्र मधूनमधून पूर्ण भरायला सांगतात, म्हणून गाडीबरोबरचं पुस्तक वाचायलाच हवं. (माझं दीड वर्ष प्लास्टिकच्या पिशवीत होतं.) आणि निघायच्या आधी, वायर लावलेली असतानाच एसी सुरू करते. गाडी गार करायला घरची वीज लागते, बॅटरीची वाचते.

शेजारच्या वहिनींना वेगळीच भीती. एप्रिल २०२२ मध्ये आपल्या नाशिकजवळ कंटेनरमधल्या वीस इलेक्ट्रिक स्कूटर जळाल्या होत्या, ते त्यांच्या मनातून जाईना. मी त्यांना सांगितलं, बॅटरी म्हातारी होणं वेगळं आणि पेट घेणं वेगळं. त्या वर्षीच्या घटनांनंतर सरकारने बॅटरीचे नियमही कडक केले. तरी स्कूटरची बॅटरी घरात आणून पलंगाशेजारी रात्रभर चार्जिंगला लावू नका, हे मात्र मी बजावलंच.

राहिला सावलीचा प्रश्न. आमच्या सोसायटीतला कडुनिंब पार्किंगला अडतो म्हणून तोडायचं घाटत होतं. मीटिंगमध्ये मी बॅटरीचा हिशेबच मांडला. झाड वाचलं. आता वहिनींनी खरंच स्कूटर घेतलीय आणि निंबाखालच्या जागेसाठी आमची दोघींची रोज दुपारी चुरस असते.