हौसाताई पाटील : भाकरीपलीकडची नोंद

दरवर्षी १७ सप्टेंबरला आमच्या कोहिनूरकडं निजामाच्या राज्याची आठवण निघते. रझाकार, १९४८ मधलं गोरट्याचं हत्याकांड, पोलीस ॲक्शन, सगळं बोललं जातं. मी एकदा जाणत्या मंडळींना विचारलं, "यात बाया कुठं होत्या?" उत्तर आलं, "होत्या की. भाकऱ्या करून देत होत्या."

भाकरीला मी कमी लेखत नाही. भूमिगत माणसाला जेवू घातलं तर घर जळायचं. पण तेवढ्यावर विषय संपतो, हे खटकतं. म्हणून आपल्या भागाबाहेरचं एक उदाहरण मांडतो. कारण या बाईंनी आपण काय केलं ते उतारवयात स्वतः तपशिलानं सांगितलं.

हौसाताई क्रांतिसिंह नाना पाटलांची लेक. जन्म १२ फेब्रुवारी १९२६. आपण निजामाच्या मुलखात, त्या इंग्रजांच्या सातारा जिल्ह्यात. १९४३ मध्ये तिथं प्रतिसरकार उभं राहिलं. लोक त्याला पत्री सरकार म्हणत. स्वतःची न्यायनिवाड्याची व्यवस्था आणि तुफान सेना असलेलं हे समांतर सरकार होतं.

वडील भूमिगत झाल्यावर इंग्रजांनी घर आणि जमीन जप्त केली. भीतीपोटी कुणी कामालाही बोलावीना. मामांनी बैलजोडी दिली, तेव्हा हौसाताई गाडी हाकून भाड्यानं शेंगा, गूळ, ज्वारी पोचवू लागल्या. चळवळीची ही किंमत घरातल्या बायकांनी रोज मोजली. ती कुठल्या शिक्षेत धरली जात नाही.

पुढं त्या स्वतः चळवळीत उतरल्या. सांगली भागातल्या भवानीनगरच्या पोलीस ठाण्यासमोर एक भांडण झालं. नवरा बायकोला मारतोय, बायको ओरडतेय. पोलीस सोडवायला बाहेर धावले आणि तेवढ्यात साथीदारांनी आतल्या बंदुका पळवल्या. भांडण खोटं होतं, पण मार खरा होता. इतकं कशाला मारलंस, अशी तक्रार त्यांनी नंतर त्या 'नवऱ्याकडं' केली. कपाळावर कुंकू असलेली, मार खाणारी बाई ही पोलिसांना रोजची गोष्ट वाटली. तीच त्यांची चूक झाली.

१९४४ ची गोव्याची कामगिरी याहून अवघड. हत्यारं आणताना बाळ जोशी नावाचे साथीदार पोर्तुगिजांच्या हाती सापडले होते. हौसाताई बहीण बनून तुरुंगात भेटायला गेल्या. सुटकेचा बेत लिहिलेली चिठ्ठी अंबाड्यात लपवली होती. जोशी निसटले. परतीच्या वाटेवर मध्यरात्री मांडवी ओलांडायची होती. साथीदार पोहत होते, हौसाताई लाकडी पेटीवर तरंगत होत्या.

२३ सप्टेंबर २०२१ ला, ९५ व्या वर्षी त्या गेल्या. त्यांच्या आठवणी पी. साईनाथ यांनी लिहून ठेवल्या, म्हणून आज आपल्याला कळतात.

आपल्याकडं अंबाडे नव्हते का? धोपटेश्वरच्या दगडाबाई शेळके निजामाविरुद्ध लढल्या, हे मराठवाडा जाणतो. बाकीच्यांचं काय? "जेलात होतीस का?" असं विचारलं की आजी "नाही बाबा" म्हणते आणि वही मिटते. त्याऐवजी विचारा : निरोप कोण न्यायचं? हत्यार कणगीत कुणी लपवलं? पोलिसाला दारात बोलण्यात कुणी गुंतवलं? त्या काळात पंधरा वर्षांची असलेली मुलगी आज नव्वदीच्या पुढं आहे. या पावसाळ्यानंतरचा कार्यक्रम ठरवण्याआधी आपण तिच्या ओसरीवर जाऊन बसावं, एवढंच सुचवतो.