स्वस्त चिकनचा उरलेला हिशोब

२०१९च्या अखेरीस मटणाचा दर वाढला म्हणून कोल्हापूरकर रस्त्यावर उतरले होते. तांबड्या-पांढऱ्या रश्श्याच्या या शहरात मटणाचा दर हा सगळ्यांच्या जिव्हाळ्याचा विषय. ब्रॉयलर चिकनच्या दराबद्दल मात्र कुणी फारसं बोलत नाही, कारण मटणापुढे ते स्वस्तच वाटतं. ते इतकं स्वस्त कसं पडतं आणि कोणता खर्च त्या दरात धरलेलाच नसतो, हे पाच हजार पक्ष्यांच्या एका शेडवरून पाहू.

पश्चिम महाराष्ट्रातल्या बऱ्याच पोल्ट्री करार पद्धतीने चालतात. एक दिवसाची पिल्लं, खाद्य आणि औषधं कंपनी देते. जागा, शेड, पाणी, वीज आणि राबणं शेतकऱ्याचं. जमिनीवर तुसाची किंवा भुशाची गादी पसरतात, पहिले काही दिवस पिल्लांना कृत्रिम ऊब देतात. साधारण चाळीस दिवसांत पक्षी दोन किलोंच्या आसपास भरतो. तोवर त्याने सुमारे साडेतीन किलो खाद्य खाल्लेलं असतं, त्यात मुख्यतः मका आणि सोयाबीनची पेंड. पाणी त्याच्या दुप्पट लागतं. म्हणजे पाच हजार पक्ष्यांच्या एका लॉटला साडेसतरा टन खाद्य आणि नुसतं पिण्यासाठी ३५ हजार लिटर पाणी.

पहिला उरलेला खर्च शेतकऱ्याच्या अंगावर पडतो. त्याला जिवंत वजनावर किलोमागे पालनखर्च मिळतो. मरतुक वाढली किंवा खाद्य जास्त लागलं की तो कापला जातो. बाजार पडल्यास पक्ष्यांच्या दराचा तोटा कंपनीचा, हे खरं. पण मग पुढची पिल्लं उशिरा येतात, आणि शेड रिकामी असली तरी बँकेचा हप्ता थांबत नाही. स्वतःच्या पैशाने पक्षी पाळणाऱ्याला तर कुणाचाच आधार नसतो. २०२०च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये चिकनमुळे कोरोना होतो अशी अफवा पसरली आणि दर कोसळले. शेजारच्या बेळगाव जिल्ह्यात गोकाक तालुक्यातल्या एका शेतकऱ्याने हजारो कोंबड्या जिवंत पुरल्या.

दुसरा खर्च शेजारी आणि शिवार भरतं. विष्ठेने ओली झालेली गादी अमोनिया सोडते. त्याने पक्ष्यांचे आणि आत काम करणाऱ्यांचे डोळे चुरचुरतात, श्वास कोंडतो. गादी नीट वाळवली नाही तर माश्या घरोघरी पोचतात. हेच कोंबडखत उसाला उत्तम, पण उघड्यावर ढीग लावला तर पावसात ते ओढ्यात उतरतं. राष्ट्रीय हरित लवादाच्या २०२०च्या आदेशानंतर केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने पाच हजारांहून जास्त पक्ष्यांच्या फार्मना परवानगीच्या कक्षेत आणलं. त्याहून लहान फार्म गावोगावी आहेत. त्यांचा वास आणि माश्या गावालाच सोसाव्या लागतात.

तिसरा खर्च सर्वांत महाग आहे. दाटीत वाढणाऱ्या पक्ष्यांत रोग झपाट्याने पसरतो, म्हणून आजार नसतानाही प्रतिजैविकं देण्याची सवय लागते. वारंवार औषध मिळालं की त्याला न जुमानणारे जंतू टिकतात आणि खतातून, पाण्यातून, कच्चं मांस हाताळणाऱ्या हातांतून माणसांपर्यंत येतात. कोलिस्टिन हे डॉक्टरांचं अगदी शेवटच्या फळीतलं औषध. अन्नासाठी पाळलेल्या प्राण्यांत त्याचा वापर केंद्र सरकारने २०१९च्या जुलैमध्ये बंद केला, तोवर ते कोंबड्यांना दिलं जात होतं. दाटीत पसरणारी साथ आवरण्याचा खर्चही यातच येतो. २००६मध्ये देशातला पहिला बर्ड फ्लू आपल्याच महाराष्ट्रातल्या नवापुरात आढळला. तेव्हा लाखो पक्षी मारावे लागले आणि त्या मोहिमेचा भार सरकारी तिजोरीवर, म्हणजे सर्वांवर पडला.

चिकन सोडा, असं मी म्हणणार नाही. सामान्य घरातल्या मुलांना परवडणारी प्रथिनं या धंद्याने दिली आहेत. पण शेतकऱ्याचा तोटा, ओढ्यातली घाण आणि न बरा होणारा ताप यांवर ती स्वस्ताई उभी राहता कामा नये. करारात पालनखर्चाची किमान हमी आणि रिकाम्या शेडची भरपाई हवी. ग्रामपंचायतीने वस्तीपासूनचं अंतर आणि खताची झाकलेली साठवण पाहावी. पशुवैद्यकाच्या चिठ्ठीशिवाय प्रतिजैविक शेडमध्ये जाऊ नये. यासाठी किलोमागे चार रुपये जास्त मोजावे लागले, तर आपण खाणाऱ्यांनी ते खळखळ न करता मोजावेत.